दुसरी किल्ली

शेजाऱ्यांकडे ठेवायला म्हणून कुणी दुसरी किल्ली करून मागितली, की कुलूपवाले काका कानस घाशीत हसत. “म्हणजे चोराच्या हाती जामदारखाना.”

एकट्या राहणाऱ्या काकांच्या लोखंडी दाराला तीन कुलपं होती. समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, “तुमच्या किल्ल्या असू द्या ना माझ्याकडे. वेळ काय सांगून येते?”

“माणसं ओळखून आहे मी, वहिनी.”

एका सकाळी काका छातीला हात लावून दाराआड कोसळले. हाक ऐकून वहिनी पहार घेऊन धावल्या, सगळा मजला गोळा झाला. दार हलेना, काम काकांच्याच हातचं होतं.

हळूहळू काकांना पहारीचे घाव ऐकू येईनासे झाले. ‘गेले वाटतं सगळे,’ त्यांच्या मनात आलं. ‘जाणारच.’

बाहेर वहिनींनी क्षणभरही हात थांबवला नव्हता.