ढगात

बाळंतपणात अडलेल्या रुखमाला भामरागडहून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेताना हेलिकॉप्टर ढगात शिरलं. काचेबाहेर नुसतं पांढरं. सहवैमानिक दिव्यानीनं समोरच्या यंत्रांचे काटे पाहिले. हेलिकॉप्टर कलत कलत खाली चाललं होतं आणि खाली डोंगर होते. शेजारी हेलिकॉप्टर चालवणारे कॅप्टन रेगे मात्र शांत. एवढ्या अनुभवी माणसाला चूक कशी सांगायची?

मागून रुखमाच्या नवऱ्यानं विचारलं, "बाई, काईच दिसून नाई राह्यलं. बराबर चाललो ना आपण?"

दिव्यानीनं काटे पुन्हा तपासले. तिनं कॅप्टनकडे पाहिलं. "सर, आपण खाली जातोय. कंट्रोल मी घेते."

रेग्यांनी लगेच कंट्रोलवरचे हात काढले.

हेलिकॉप्टर सावरून ढगांवर आल्यावर ते हळूच म्हणाले, "मला केव्हाचं वर-खाली कळत नव्हतं. तू गप्प होतीस, म्हणून वाटलं, बरोबर चाललंय."