आमेन होईपर्यंत

दुधात कुस्करलेल्या पावाची वाटी त्याने तिसऱ्यांदा गरम करून आणली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली. बायकोने वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पण हट्टाला अर्धं तोंड पुरत होतं.

परवापासून हेच चाललं होतं. पाण्याचे दोन-चार घोट सोडले तर पोटात काही नाही. प्रार्थना झाल्याशिवाय ती घास घेत नव्हती. लग्न झाल्यापासून जेवणाआधीची प्रार्थना तीच म्हणायची. ती अंथरुणाला खिळली तशी त्याची बहीण येऊन राहिली आणि ते काम बहिणीकडे गेलं. परवा सकाळी बहीण आपल्या घरी परतली. तिलाही तिचा संसार होता.

काल त्याने बहिणीला फोन लावला, तिकडूनच प्रार्थना म्हण म्हणून सांगितलं आणि फोन बायकोच्या कानाशी धरला. बायकोने डाव्या हाताने तो बाजूला सारला आणि त्याच हाताचं बोट नवऱ्याच्या छातीवर टेकवलं. काय झालं ते बहिणीला न सांगताच कळलं.

"दादा," ती म्हणाली, "वहिनी तुझ्यासाठी अडून बसलीय. देवाशी भांडण तुझं, मग उपास तिला का?"

त्याने फोन ठेवून दिला. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला निदान बोलावं लागतं.

तो दफनभूमीत कबरी खोदायचा. गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या पोरीची कबरही त्यानेच खोदली. दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. तेव्हापासून बायको प्रार्थना म्हणू लागली की तो खिडकीबाहेर बघत बसायचा आणि आमेन झालं की खाली मान घालून जेवायचा. पोरीचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नसे. टेबलाजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. ते घड्या करून आत ठेवायची घाई कुणाला नव्हती.

आज संध्याकाळी नर्स येऊन गेली. तिने बायकोच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडी तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं. सकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं तिने दाराशी येऊन हलक्या आवाजात सांगितलं. "आणि एकदा नळी लागली की तोंडाने खायची सवयच मोडते, काका."

"मला येत नाही," तो आता बायकोला म्हणाला. "खरंच येत नाही. इतकी वर्षं तूच म्हणत आलीस."

बायकोने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर आणला आणि त्यावर डावा ठेवला. एक डोळा मिटला. दुसरा पुरता मिटत नसे.

तो उठून उभा राहिला. बसून जमणार नव्हतं. ब्रशने घासूनही नखांत सकाळच्या कामाची माती राहिली होती, त्या मातीकडे तो बघत राहिला. मग तोंड उघडलं आणि आत जे होतं तेच बाहेर आलं.

"हे प्रभू, ही आमची बहीण आम्ही तुझ्या हवाली करतो."

बायकोने मिटलेला डोळा उघडला.

तो थबकला. हे जेवणाचं नव्हतं. हे चर्चचे पाळक कबरीच्या काठाशी म्हणायचे. तो मागे फावड्यावर हात ठेवून उभा असायचा. लक्ष नसायचं, तरी वर्षानुवर्षं कानांवर पडून शब्द आत साचले होते. दुसरी प्रार्थना त्याच्याजवळ नव्हती. आणि ही मध्येच सोडायची नसते, एवढं त्याला कामामुळे माहीत होतं. पाऊस कोसळला तरी पाळक थांबत नसत, आणि आमेन होईपर्यंत फावडं उचलायचं नसे.

"हिला आम्ही मातीत ठेवतो," तो पुढे म्हणाला, "पण टाकून जात नाही. तू स्वतः कबरीतून उठलास, त्या भरवशावर ठेवतो. शेवटच्या सकाळी तू हाक मारशील आणि ही उठेल. ही तुझी लेक..."

इथे पाळक नाव घेतात. ज्याची कबर असेल त्याचं.

त्याच्या तोंडून पोरीचं नाव आलं.

पुढचे शब्द त्याला आठवेनात. तो कपड्यांच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मग त्याने तेच नाव पुन्हा एकदा, हळू, घेतलं आणि आमेन म्हटलं.

बायकोच्या घशातून घरघर ऐकू आली. तिला ठसका लागला असं वाटून त्याने धावत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. ठसका नव्हता. डाव्या गालाला खळी पडली होती, खांदे हलत होते, आणि न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

"हसतेस काय?" तो म्हणाला. "जिवंतपणी पुरलं मी तुला."

खांदे आणखीच हलायला लागले. तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. आमेननंतर त्याच्या हाताला फावड्याची सवय होती. चमचा फार हलका लागला. दूध पुन्हा निवलं होतं. त्याने वरची साय बाजूला केली.

"पुरून झालं," तो म्हणाला. "आता ऊठ आणि खा."

बायकोने तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.