पेटीबाहेरच्या माश्या

उन्हाळा सरत आला तसा सुनेच्या मधपेटीच्या तोंडाशी मधमाश्यांचा घोस लोंबू लागला. मी पायरीवरून धास्तावून म्हणालो, "अगं, या घर सोडून चालल्या वाटतं!"

"नाही हो बाबा. आत दाटी झाली की काहीजणी आपण होऊन बाहेर बसतात, पिल्लांना उकडू नये म्हणून. वर एक मजला चढवला की येतील आत."

मी पुस्तकात डोकं घातलं. नातींच्या अभ्यासात आपली अडचण नको, म्हणून मी रोज संध्याकाळी पायरीवरच बसायचो.

सकाळी सुतार पेटीचं माप घेऊन निघाला, तर सून म्हणाली, "थांबा, घराच्या वरच्या माळ्याचंही घ्या. बाबांची खोली करायचीय. फळ्या जास्त धरा, त्यांच्या पुस्तकांना पिल्लं होतात."

खोली अजून व्हायची होती, तरी त्या संध्याकाळी मी आत जाऊन बसलो.