आधी शालू

"हं, आता मला फिट आली," असं सांगून शालू जीपच्या मधल्या सीटवर आडवी झाली. डोळे गच्च मिटले, हातपाय ताणले.

फाट्यावर जीप भरायला अजून वेळ होता. शालूची आई वंदना दाराशी उभी होती. आजवर ती रोज लेकीबरोबर कुंभार पिंपळगावच्या शाळेपर्यंत जायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर बसून राहायची. आज पहिल्यांदाच शालूला एकटीला पाठवायचं ठरत होतं. पण तिच्या गळ्यातल्या नव्या कार्डावर भरवसा बसला तरच. शालूचा मामा भागवत यानं ते आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं; तोही जीपपाशीच उभा होता.

"राधेश्यामभाऊ, वाचा," वंदना ड्रायव्हरला म्हणाली. "मी इथं न्हाई असं समजा."

राधेश्याम मोठ्यानं वाचायला लागला. "आईचे नाव, वंदना. आधार क्रमांक..." तो अख्खा क्रमांक वाचून झाला. "इयत्ता, तिसरी. उंची..."

"उंची काय वाचून राह्यला? पोरगी पडली ना!" मागं भाजीची पाटी घेऊन बसलेल्या चतुराबाईंनी पायातली चप्पल काढून शालूच्या नाकाशी धरली.

"गाव... जन्मतारीख... तालुका..." राधेश्यामचं चालूच होतं.

शालूनं नाक मुरडलं. एक डोळा उघडला. "काका, मी उठले पण!"

सगळे हसले. वंदना हसली नाही. तिनं कार्डावर बोट ठेवलं. 'फिट आल्यास' ही ओळ पार खाली होती, पत्त्याच्याही खाली. चप्पल हुंगवू नये, हे तिथंच लिहिलेलं होतं.

"तिथवर मी पोचलोच न्हाई," राधेश्याम म्हणाला.

"चुकीचं काईच न्हाई, ताई," भागवत म्हणाला. "कॉम्प्युटरनं अ, आ, इ, ई असं बराबर लावून देलं. फिट फ वर येती."

"कॉम्प्युटरला बराबर असंल. पण पोरगी राधेश्यामभाऊच्या हातात असंल ना. जे पहिलं करायचं, ते पहिलं लिही."

भागवतनं कार्ड प्लॅस्टिकमधून काढलं, बॉनेटवर पालथं ठेवलं आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "पहिलं, कुशीवर झोपवा."

"पहिलं माझं नाव," शालू म्हणाली.

"अगं, नाव खाली चालतंय. आधी जीव," भागवत म्हणाला.

शालू उठून बसली. "त्या बाजारच्या दिवशी मला फिट आली आन् आई पाणी आणायला गेल्ती ना, तवा मी उठले, तर समदे 'ए पोरी, ए पोरी' करू लागले. 'शालू' कोनीच म्हणंना. मला वाटलं, मी दुसऱ्याच गावात आले."

वंदनानं तिच्याकडं पाहिलं. हे शालूनं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

भागवतनं पेन पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणलं. मग त्यानं मोठ्या अक्षरात पहिली ओळ लिहिली: 'ही शालू. हिला कुशीवर झोपवा.' खाली लिहिलं: 'तोंडात काही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. दाबून धरू नका. उठेपर्यंत नाव घेऊन बोला.' त्याखाली आईचा फोन.

"आन् आधार क्रमांक?" भागवतनं विचारलं.

"राहू दे की मागच्या बाजूला," राधेश्याम म्हणाला. "उठली की तिलाच इचारू."

"आली बघा परत फिट," म्हणत शालू आडवी झाली.

चतुराबाईंचा हात पायाकडं गेला आणि तिथंच थांबला. राधेश्यामनं कार्डावर एक नजर टाकली. शालूला अलगद कुशीवर वळवलं, आपल्या रुमालाची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली. "शालू, मी राधेश्यामकाका हाय. तू जीपमंदीच हायेस. शालू, घाबरू नको बाळा. शालू..."

शालू काही हलेना.

"ऊठ की आता, झालं," चतुराबाई म्हणाल्या.

"थांबा ना," शालू डोळे न उघडताच म्हणाली. "अजून म्हणू द्या."

जीप भरली. माणसं सरकून बसली. राधेश्यामनं गाडी चालू केली. वंदनानं सवयीनं एक पाय आत टाकला. क्षणभर तशीच थांबली. मग पाय खाली घेतला, दार बाहेरून लावलं आणि नीट लागलंय का, ते ओढून पाहिलं.