नवी किल्ली

"आई, या वयात गाडी नको चालवू. कुठं जायचं असलं तं सांगत जा, मी सोडून देत जाईन तुले," असं म्हणत अंकुशने गाडीची एकुलती एक किल्ली आपल्या खिशात टाकली. गाडी प्रेमिलाबाईंच्या नावावर होती आणि साठीत त्या हौसेनं चालवायला शिकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंकुश कंपनीच्या बसने बुटीबोरीला गेला, तसं त्यांनी किल्लीवाल्याला घरी बोलावलं. त्याचं मशीन दोनदा अडलं.

"काकू, गाडी नव्या किल्लीले ओळखूनच नाही राहिली. जुनी जवळ पाहिजे."

"ते पोराच्या खिशात हाय."

"मंग गाडीतली जुनी ओळख पुसा लागन. पण जुनी किल्ली बेकार होईन, पाहा."

प्रेमिलाबाईंनी गाडीचे कागद त्याच्यासमोर ठेवले. "पूस."

रविवारी अंकुश खाली उतरला. किल्लीचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला, तरी गाडी ढिम्म. मागून आलेल्या प्रेमिलाबाईंनी पर्समधली नवी किल्ली बाहेरही न काढता दाराला नुसता हात लावला आणि दार उघडलं.

 

"बस बाजूले. कुठं जायचं असलं तं सांगत जा, मी सोडून देत जाईन तुले."