तेल्याचा मुलूख

औंदा होटगीतल्या आमच्या डाळिंबांवर तेल्या रोग असा पडला, की फळं पिळून दिवाळीचे दिवे लावावेत! शी, हात लावला की नुसता चिकट काळा लगदा. नातू संगमेश म्हनला, "आजी, ही घाण शेजारच्या युवराजच्या बागेतनंच आलीया." आन् सडकी फळं पाटी भरून त्याच्या दारात ओतून आला. वास आमच्या चुलीपतूर.

युवराजबी लई इरसाल. दोनी बागांची पानं त्यानं सोलापुरात तपासाय नेली. जंतूलाबी अंगठ्याचा ठसा असतोय म्हनं, मुलखामुलखाचा निराळा. तिथले साहेब म्हनले, "दोन्हीकडे जंतू एकच आहे, विजापूरकडचा." विजापूरची रोपं साऱ्या गावात फकस्त आमच्याकडं, संगमेशच्या सासऱ्यांनी आहेरात दिलेली.

संगमेश मान खाली घालून युवराजच्या दारातला लगदा खराट्यानं वडत हुता. मी नाकाला पदर लावून हुबी. तेवढ्यात टेम्पो थांबला आन् त्याचे सासरे हसत उतरले.



"जावईबापू, बाग गेली म्हनं? काळजी करू नका, आमच्याच बागेतली नवी रोपं आनलीत की!"