उन्हाची खूण

खिडकीवरचं काळं कापड मनकर्णाबाईनं पुन्हा चाचपलं. कोपऱ्यातून उजेडाची एक तिरीप आत येत होती. तिनं तिथं रुमाल कोंबला.

"किती कोंडशील मला," तिचा नवरा बन्सी अंधारातून म्हणाला. गळ्यातल्या गाठीनं आवाज पार बसला होता.

"डॉक्टर काय म्हणले ध्यानात हाय ना?"

ध्यानात होतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी दोघांना समजावलं होतं. औषधाचे धुळीपेक्षा बारीक कण रक्तात सोडायचे, ते गाठीत जाऊन बसतात. वरून ठरावीक उजेड टाकला की गाठ पडद्यावर चमकते, वाढवला की जळते. मात्र तोवर ऊन वर्ज्य. ऊन लागलं तर कातडीवर फोड येणार, आणि औषध अंगात असल्याची खूणही तीच.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "औषध घरीच चढवायचं." मग उस्मानपुऱ्यातल्या या भाड्याच्या खोलीत तिची मावसबहीण भागूबाई, नर्सच ती, बाटली लावून गेली. बुडत्याला काडीचा आधार. अन्नपाणी सोडून गावी, करमाडला मरायला निघालेला बन्सी त्या दिवसापासून दोन घास खायला लागला. तेवढ्यासाठी ती काहीही करायला तयार होती. त्याला ऊन लागेल याची मात्र तिला सारखी धास्ती होती.

भर दुपारी टँकर आला. धरणानं तळ गाठलेला, पाणी पाच दिवसांनी मिळत होतं. "बाहेर पाऊल टाकू नका," असं बजावून ती हंडे घेऊन धावली.

तासाभरानं परतली. ओट्यावर हंडा टेकवताना तव्याला बोट लागलं नि चटका बसला. भूक लागून त्यानं भाकरी गरम केली असणार. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"अगं, इकडं ये."

बन्सी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उन्हात बसला होता. डाव्या तळव्यावर टपोरा फोड.

"उन्हात गेलते व्हय?" तिनं त्याचा हात ओढून जवळ घेतला.

"जरासाच धरला हात. बघ कसा भाजला. औषध अंगात भिनलंय. आता नाय मरत मी." तो हसला. "तू लई घोर लावून घेऊ नको."

ती तूप आणायला आत गेली. टोपलीतल्या भाकरी सकाळी ठेवल्या तशाच होत्या, आणि तवा अजून तापलेला होता.

फोडावर तूप लावताना तिनं मान वर केली नाही. आजार पसरलाय, उजेड तिथवर पोचायचा नाही, औषध देण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर तिला म्हणाले होते; भागूबाईनं चढवलं ते साधं सलाईन होतं, आणि उन्हानं भाजावं असं बन्सीच्या अंगात काहीच नव्हतं.